अंतर्गळाची वही

आंघोळ करताना उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला. आडवा झालो की नाहीसा, उभा राहिलो की हजर. दुखत नाही. खोकलं की बोटाला आतून धक्का देतो. आठ दिवस कुणाला बोललो नाही. शेवटी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "मामंजींनाही होतं की. अंतर्गळ." हा शब्द कित्येक वर्षांनी ऐकला. वडील लंगोटावर चामड्याचा पट्टा आवळत आणि तसेच कांद्याची पोती उचलत. ऑपरेशन त्यांनी शेवटपर्यंत केलं नाही. पट्टा मात्र तीनदा बदलला.

*

ब्रॅम्प्टनमधलं हे आमचं चौथं वर्ष. दोघंही सुपर व्हिसावर. कॅनडात मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांसाठीचा हा व्हिसा. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण सरकारी हेल्थ कार्ड मिळत नाही. त्याऐवजी किमान एक लाख डॉलरचा खाजगी विमा लागतो. त्यात तीन गोष्टी हव्यात: उपचार, इस्पितळात भरती आणि स्वदेशी पाठवणी. पाठवणी म्हणजे परतीचं तिकीट, असं मी समजत होतो. त्यात पार्थिवही येतं, हा खुलासा एजंटाने चहा पिता पिता केला.

*

इथे डॉक्टरकडे एकट्याने जाणं नाही. गाडी मुलाची, पैसे मुलाचे, म्हणून तोही आत आला. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, इंग्रजी मला येतं. तरी "पँट खाली घ्या, उभे राहा, खोका" हे मुलासमोर ऐकताना मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो. तो मोबाइलकडे बघत राहिला. धुळ्यात असतो तर भाजी आणायला म्हणून निघून डॉक्टरला भेटून आलो असतो आणि येताना खरंच भाजी आणली असती.

डॉक्टर म्हणाली, जांघेतला साधा हर्निया आहे, दाबला की आत जातो, घाई नाही. मग विचारलं: जुना खोकला? बद्धकोष्ठ? रात्री लघवीला किती वेळा उठता? चार वेळा, म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. कुंथून लघवी करावी लागत असेल तर आधी प्रोस्टेटचं बघा, म्हणाली, नाहीतर ऑपरेशनमध्ये शिवलेल्या जागेवर रोज ताण येत राहील. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गाडीत मुलगा एवढंच म्हणाला, "नाना, आधी का नाही सांगितलं?" सुनेला काय सांगायचं, यावर दोघांचं एकमत झालं: पोटाचं काहीतरी.

*

विमेवाल्याला फोन. ठरवून केलेलं ऑपरेशन पॉलिसीत बसत नाही. आतडं अडकून जिवावर बेतलं तर बसेल, पण हर्निया पॉलिसीच्या आधीपासूनचा नव्हता हे दिसायला हवं. आता फुगवटा कधी आला, याचा दाखला कोण देणार? शेजाऱ्यांच्या सह्या तर घेता येत नाहीत.

*

रात्री आकडे वाचत बसलो. बँकवाल्याला आकड्यांनी झोप लागते.

पुरुषांत साधारण चारांतल्या एकाला जन्मभरात कधीतरी जांघेतला हर्निया होतो. बायकांत प्रमाण फार कमी. पण बायकांना मांडीच्या मुळाशी, जरा खाली होतो तो वेगळा प्रकार जास्त होतो. तो अडकण्याची भीती मोठी असते आणि त्यात थांबायचं नसतं.

थांबलं तर काय होतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ७२० पुरुषांवर पाहिलं. निष्कर्ष २००६ साली छापून आले. सगळे माझ्यासारखे बिनत्रासाचे किंवा किरकोळ त्रासाचे. निम्म्यांना लगेच ऑपरेशन, निम्म्यांना फक्त लक्ष ठेवायला सांगितलं. अचानक अडकण्याचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनाच्याही आत निघालं. वाचून हलकं वाटलं. मग दहा वर्षांनंतरचा हिशेब वाचला: थांबलेल्यांपैकी ६८ टक्के शेवटी टेबलावर गेले, आणि पासष्टीपुढच्यांत ७९ टक्के. त्यातले सगळ्यात जास्त दुखणं वाढलं म्हणून.

म्हणजे थांबण्यात फारसा धोका नाही, पण सुटकाही नाही. आज माझं वय एकोणसत्तर आहे. करायचंच असेल तर एकोणऐंशीपेक्षा हे बरं.

दुसऱ्या बाजूलाही एक आकडा आहे: ऑपरेशननंतर दहातल्या एकाला तरी महिनोन् महिने दुखत राहतं. हे कुणी सांगत नाही, विचारावं लागतं.

*

गंमत अशी की हर्नियाचं जगातलं सगळ्यात नावाजलेलं इस्पितळ इथून गाडीने पाऊण तासावर आहे, थॉर्नहिलला. शोल्डाइस. महायुद्धाच्या काळात हर्नियामुळे सैन्यात न घेतलेल्या तरुणांवर डॉ. शोल्डाइस यांनी ऑपरेशनं केली आणि १९४५ साली स्वतःचं इस्पितळ काढलं. तिथे हर्नियाशिवाय दुसरं काही करत नाहीत. ८९ खाटा. हर्नियाच्या भोकावर लावायची जाळी शक्यतो वापरत नाहीत, पोटाचे थर एकावर एक घेऊन तारेने शिवतात. भूल तेवढ्याच भागाला. पेशंट टेबलावरून उतरून आधाराने चालायला लागतो. वजन जास्त असेल तर आधी उतरवून या म्हणतात. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये या इस्पितळाची केस शिकवतात. ओंटारिओ प्रांताचं हेल्थ कार्ड असलेल्यांना ऑपरेशनचा खर्च नाही.

माझ्याकडे कार्ड नाही. एका रविवारी मुलाने गाडी त्या बाजूने नेली. झाडी छान आहे.

*

आणि दुसरी गंमत. जाळीवर वाचता वाचता अचानक दोंडाईचा हे नाव आलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमच्या धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा, मिरचीच्या बाजाराचं! तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी कंपनीची महागडी जाळी गरिबाला परवडत नाही म्हणून मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियात बसवलं. २००३ साली त्यावर शोधनिबंध छापला. पुढे आफ्रिकेत मच्छरदाणी वापरली गेली. युगांडात ३०२ पुरुषांवर कंपनीची जाळी आणि मच्छरदाणी यांची तुलना झाली. वर्षाच्या शेवटी फरक म्हणण्यासारखा नव्हता. ते २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं.

पुण्याच्या डॉ. देसरडांची तर जाळीच नाही. पोटाच्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी घेऊन ते भोक बुजवतात. तीही पद्धत जगभर पोचली.

मी मात्र कर्जाच्या फायली बघत या सगळ्याच्या शेजारी हयात काढली आणि दोंडाईच्याचं हे मला ब्रॅम्प्टनच्या तळघरात कळलं.

*

मॉलमधल्या बाकावरचे सल्ले. गुजराती काका: एरंडेल. सरदारजी: पट्टा, पतियाळ्याला चांगला मिळतो. हैदराबादचे प्रोफेसर: काही करू नका, आपल्या वयात काय उचलायचंय? त्याच दुपारी नातू खेळून दमला आणि "आजोबा, कडेवर." अठरा किलो.

*

बर्फ. फावडं सुनेने लपवून ठेवलं. म्हणजे तिला सगळं कळलं आहे.

*

फ्रिजवर कागद लावला आहे. गाठ आत जात नसेल, कडक झाली, लाल झाली, दुखायला लागली, उलट्या, वारा सरेनासा झाला: ९११. विमा नंतर बघू. खाली रोजची औषधं, ॲस्पिरिनसह. ही म्हणाली, पाहुणे बघतील. बघू देत. नुसतं थांबणं आणि पहारा ठेवून थांबणं यात हा कागद एवढाच फरक आहे.

*

ठरवताना अडलं ते डॉक्टरपाशी नाही. धुळ्याचं घर चार वर्षं बंद आहे. हिचे गुडघे असे. ऑपरेशननंतर पंधरा दिवस पाण्याची बादली कोण उचलणार? मुलगा म्हणाला, डॉलर भरून इथेच करू. आकडा ऐकून मीच नको म्हटलं. तो गप्प झाला. त्याला सुटका वाटली की वाईट, हे कळलं नाही. विचारलंही नाही.

नाशिकहून दादांचा फोन आला. वय अठ्ठ्याहत्तर. "तू ये रे. खालची खोली रिकामीच आहे. वहिनी मुगाची खिचडी रोज करील, कंटाळलास तरी."

इथवर जे आकडे जमवले होते त्यांनी निर्णय झाला नव्हता. खालच्या खोलीने झाला.

*

नाशिकच्या सर्जनशी व्हिडिओवर बोलणं झालं. विचारलं: वर्षाला किती करता? फक्त जागा बधिर करून होईल का? जाळी की बिनजाळी? ॲस्पिरिनचं काय? दुखत राहिलं तर पुन्हा तुम्हीच बघाल ना? शेवटच्या प्रश्नावर ते हसले आणि हो म्हणाले. जाळी लावणार. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही पहिली पसंती तिलाच आहे. ॲस्पिरिनचं हृदयाच्या डॉक्टरला विचारून सांगतील. त्याआधी प्रोस्टेटची तपासणी.

जाळीच्या कापडाच्या भावावरून घासाघीस करायची इच्छा झाली होती. आवरली.

*

तिकीट १२ नोव्हेंबरचं. बॅगा दोन, तेवीस-तेवीस किलोच्या. टोरांटोत मुलगा चढवेल, मुंबईत पुतण्या उतरवेल. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, पहिल्यांदाच खऱ्या कारणासाठी.