गॅस है बेटा, अजवाइन खा लो

आमच्याकडे गरोदर बाईला काहीही दुखलं की उत्तर तयार असतं. मुंब्र्यात नानी म्हणते, 'गॅस है बेटा, अजवाइन खा लो.' डोंबिवलीत सासूबाई म्हणतात, 'पित्त असेल, ओवा चाव.' दोघींची माया खरी, आणि बहुतेक वेळा उत्तरही बरोबर निघतं.

पण एका दुखण्यात तेवढी वाट पाहता येत नाही. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा आतला पापुद्रा फाटतो आणि रक्त भिंतीच्या थरांत घुसतं. याला एऑर्टिक डिसेक्शन म्हणतात. आजार दुर्मीळ आहे. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत त्याचा धोका वाढतो. रक्तदाब जास्त असेल, मार्फान सिंड्रोम असेल किंवा घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर आणखी.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून माझं लक्ष शब्दांकडे जातं. कल्याणच्या एखाद्या दवाखान्यात बाई 'सीने में घबराहट है' एवढंच म्हणाली, तर कागदावर 'अॅसिडिटी' उतरायला वेळ लागत नाही. या दुखण्याची ओळख मात्र वेगळी आहे: एकदम सुरू होतं, पहिल्या क्षणापासून जबर असतं, छातीत किंवा पाठीत खांद्यांच्या मध्ये फाटल्यासारखं वाटतं, कधी खाली सरकतं. सोबत चक्कर, हातापायात बधिरपणा. हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरपर्यंत पोचायला हवेत.

डॉक्टरांचीही फसगत होते. मायकल डीबेकी हे या आजाराच्या शस्त्रक्रियेचे आद्य सर्जन. 2005 च्या शेवटी, 97 व्या वर्षी, त्यांना स्वतःलाच तो झाला, तेव्हा आधी त्यांनाही हार्ट अटॅकच वाटला.

ईसीजी कधी नॉर्मल येतो. म्हणून दोन्ही हातांचा रक्तदाब पाहावा लागतो. फरक नसला तरी शंका संपत नाही. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारं औषध दिलं, तर घात होऊ शकतो. खात्री सीटी अँजिओग्राफीने होते. पोटातल्या बाळाच्या भीतीने ती टाळू नये. आईच गेली तर बाळाला कोण वाचवणार?

बाई मुकाट्याने सोसते याचं आपण फार कौतुक करतो. अशा वेळी ते कौतुक बाजूला ठेवून 108 लावा.