आमची गाडी

लहानपणी माझ्या गावात वाहनाची निवड करण्याचा प्रश्नच कुणाला पडत नसे. वाई तालुक्यात, कृष्णेच्या काठाजवळ वसलेले आमचे ते लहानसे गाव. तेथे घरोघर एकच वाहन असे, ते म्हणजे बैलगाडी. जत्रेला निघाले की घरची, शेजारची आणि वाटेत भेटलेली अशी सगळी मुले तिच्यात चढत. कडबा थोडा दाबून बसवला, की आणखी दोघांची सोय होई. निघण्यापूर्वी गाडीवान मागे वळून एकदा विचारी, "सगळी बसली का?" आम्ही एका सुरात 'हो' म्हटले, की मगच बैलांच्या गळ्यांतील घुंगरे वाजू लागत.

पुढे दिवस पालटले. १९७४ साली माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले. आज दुकानात जाऊन पैसे मोजले की वाहन लवकरच दारात येऊन उभे राहते. म्हणून त्या काळची प्रतीक्षा तुम्हांला एखाद्या कथेसारखी वाटेल. तेव्हा स्कूटरला मागणी फार आणि उत्पादन थोडे, त्यामुळे पाळी येईपर्यंत वर्षांमागून वर्षे जात. आमची पाळी आली १९८३ साली. तोपर्यंत मी शिक्षक झालो होतो. महाराणा प्रतापांच्या इमानी घोड्यावरून त्या स्कूटरचे नाव 'चेतक' असे ठेवलेले होते, आणि आमच्या घरीही तिला घोड्यासारखाच मान होता. दर रविवारी तिला अंघोळ घातली जाई, आणि दसऱ्याला तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडे.

पण घोडा कितीही इमानी असला, तरी त्याच्या पाठीवर किती जणांनी बसावे, याला काही मर्यादा आहे. माझे लग्न झाले; मुलगा झाला, मुलगी झाली. धाकटी माझ्यापुढे उभी, थोरला आमच्या दोघांच्या मध्ये दडपलेला आणि सर्वांत मागे मांडीवर पिशवी घेतलेली माझी पत्नी, अशी आमची स्वारी गावातून सात किलोमीटरांवरच्या वाईला जात असे. एस.टी.ची गाडी गावात सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदाच येई. मग करणार काय? स्कूटरवर चालकाच्या मागे एकानेच बसावे, असा कायदा आहे. तो मला ठाऊक होता. इतकेच नव्हे, तर वाहतुकीच्या नियमांचा धडा मी वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवीतही असे.

१९९६ सालच्या श्रावणातील एका सायंकाळी त्या धड्याची परीक्षा झाली. पाऊस नुकताच थांबला होता. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर चिखलाचे गोळे सांडले होते. वळणावर मागचे चाक घसरले आणि क्षणार्धात आम्ही चौघेही रस्त्यावर आडवे झालो. देवाची कृपा, की मागून दुसरे वाहन येत नव्हते. आम्हां तिघांना खरचटण्यावरच निभावले; परंतु धाकटीची हनुवटी फुटली. दवाखान्यात तिला तीन टाके घालावे लागले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. टाके घालताना ती रडली नाही. घरी परत येताना मात्र हळूच म्हणाली, "बाबा, स्कूटरवर दोघांनीच बसायचं असतं, असं तुम्हीच वर्गात शिकवता ना?"

मी काय उत्तर देणार? आजवर अनेक विद्यार्थ्यांनी मला अवघड प्रश्न विचारले. परंतु त्या प्रश्नाने मला जसे निरुत्तर केले, तसे दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाने केले नाही. त्या रात्री मी निश्चय केला, की आता चारचाकी घ्यायची.

निश्चय करणे सोपे असते, हिशेब करणे कठीण. माझ्या गाठीला साठ हजार रुपये होते. मुलाने आपल्या अभ्यासाच्या भिंतीवर तांबड्या रंगाच्या एका छोट्या मोटारीचे चित्र चिकटवले होते. ती मोटार म्हणजे त्या काळच्या मध्यमवर्गाचे स्वप्न होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती देण्यात आली. आणि ज्यांनी आयुष्यभर मोटार दुरूनच पाहिली होती, त्यांनाही आपल्या दारात मोटार उभी राहू शकेल असे वाटू लागले. परंतु नव्या गाडीची किंमत दोन लाखांच्या घरात होती. कर्ज काढले असते, तर पगाराचा जवळजवळ निम्मा भाग हप्त्यातच गेला असता. माझ्या पत्नीने दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर सगळा जमाखर्च मांडला आणि म्हणाली, "गाडीची किंमत म्हणजे नुसती प्रवेश फी. पुढे पेट्रोल आहे, विमा आहे, टायर आहेत, दुरुस्ती आहे. मुलांच्या वह्या-पुस्तकांत काटकसर करून गाडी फिरवायची असेल, तर ती दारात नसलेलीच बरी."

तरीही त्या तांबड्या गाडीचा मोह मला सुटेना. एका रात्री जेवणे आटोपल्यावर सगळे ओसरीवर बसले होते. मी उत्साहाने सांगू लागलो, "पुढे आम्ही दोघे, मागे आई आणि दोन्ही मुले. अगदी पाचजण बसतात. जणू आपल्यासाठीच बनवली आहे!"

येथे एक गोष्ट सांगायला हवी. माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. त्याची नेमणूक सीमेवर झाली होती आणि तेथे कुटुंब नेण्याची सोय नव्हती. म्हणून त्याची पत्नी आणि दोन मुले त्या वर्षापासून आमच्याकडेच राहत होती. माझे बोलणे ऐकून त्यातला मोठा, दहा वर्षांचा पुतण्या, अत्यंत समजूतदारपणे म्हणाला, "काका, तुम्ही गाडीनं पुढं व्हा. आई, मी आणि छोटा एस.टी.नं येऊ. आम्हांला एस.टी. आवडते."

ओसरीवर एकदम शांतता पसरली. त्या मुलाच्या स्वरात राग नव्हता, रुसवाही नव्हता. त्याने हट्ट धरला असता, तर मला इतके वाईट वाटले नसते. आपण या घरात पाहुणे आहोत आणि पाहुण्यांनी जागा अडवू नये, हे त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकले होते. आणि तसे ठरवायला मीच त्याला भाग पाडले होते. माझी आई वाती वळत बसली होती. हातातला कापूस बाजूला ठेवून ती म्हणाली, "अरे, तू मास्तर ना? मग हजेरी नीट घे. आपण पाच नाही, आठ आहोत."

दुसऱ्या दिवशी मुलाने आपण होऊन ते तांबड्या गाडीचे चित्र भिंतीवरून काढले.

आता आम्ही आठ आसनांची गाडी शोधू लागलो. आमच्या पैशांत ती जुनीच मिळणार, हे उघड होते. जुने वाहन पारखणे ही एक विद्याच आहे. आणि ती मला वाईच्या एका वृद्ध मिस्त्रींनी शिकवली. ते म्हणत, "गुरुजी, गाडी सकाळीच बघायला जावं. मालकानं ती आधी चालवून गरम करून ठेवली, तर तिचं दुखणं कळत नाही." थंड इंजिन एका दमात सुरू होते की नाही, ते त्यांनी मला पाहायला लावले. निळसर धूर निघाला, तर इंजिनात वंगणाचे तेल जळते आहे. काळा निघाला, तर पेट्रोल नीट जळत नाही, असे ओळखावे. पायाखालची चटई उचलून पत्र्याला गंज चढला आहे का, ते पाहावे. एका दाराचा रंग दुसऱ्या दाराहून किंचित निराळा दिसला, तर त्या गाडीला कधी तरी अपघात झाला असावा, अशी शंका घ्यावी. आणि सर्वांत शेवटी नोंदणीपुस्तकातील क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी एक एक आकडा जुळवून पाहावा. चार गाड्या नाकारून पाचवी व्हॅन त्यांनी पसंत केली. ती आठ वर्षांची होती. किंमत ठरली ब्याऐंशी हजार. उरलेले बावीस हजार रुपये मी पतसंस्थेतून घेतले आणि दोन वर्षांत फेडले.

गाडी दिसायला मुळीच सुंदर नव्हती. पावाच्या लादीसारखा चौकोनी आकार, धुरकट पांढरा रंग आणि ओढताना करकरणारे सरकते दार. मुलांनी तिचे नाव ठेवले 'पेटी'. पहिल्याच रविवारी आम्ही वाईच्या ढोल्या गणपतीला गेलो. आठही जण आपापल्या जागी बसले. आई पुढे बसली होती. तिने मागे वळून पाहिले आणि विचारले, "सगळे बसले का?" मागून मुलांचा 'हो' आला. त्यात माझ्या पुतण्याचा आवाज सर्वांत मोठा होता. कितीतरी वर्षांनी मला बैलांच्या गळ्यातली घुंगरे ऐकू आल्यासारखे वाटले.

ती पेटी आम्ही नऊ वर्षे वापरली. तिच्यातून मुले शाळेत गेली, आई डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी साताऱ्याला गेली, आणि पुतण्याला ताप चढला त्या रात्री तिनेच आम्हांला वेळेवर दवाखान्यात पोहोचवले.

परंतु मुलांनो, जे खरे ते सांगितले पाहिजे. आमच्या निवडीत एक मोठी उणीव राहिली होती. त्या जुन्या गाडीच्या मागच्या आसनांना पट्टे नव्हते, आणि ते असावेत हे मिस्त्रींच्या किंवा माझ्या मनातही आले नाही. चार चाके आली, म्हणजे मुले सुरक्षित झाली, अशी माझी समजूत होती. जडत्वाचा नियम तुम्ही विज्ञानात शिकता. धावती गाडी एकाएकी थांबली, तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. त्याला धरून ठेवतो तो आसनपट्टा, ज्याला आपण सीटबेल्ट म्हणतो. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा १९५९ साली निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने तयार केला. तो ज्या व्होल्वो कंपनीत काम करीत होता, तिने त्या शोधाचा लाभ इतर मोटार-कारखान्यांनाही मोकळेपणाने घेऊ दिला. ही माहिती मला फार उशिरा मिळाली. आमची आठ माणसे नऊ वर्षे सुखरूप राहिली, यात माझ्या शहाणपणापेक्षा दैवाचा वाटा अधिक होता.

स्कूटरवर बसलेली आमच्यासारखी कुटुंबे देशात लाखो असतील. पावसात अशाच स्कूटरवरून जाणारे एक कुटुंब पाहून रतन टाटांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी एक लाख रुपयांची 'नॅनो' जगापुढे ठेवली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु चार माणसांनी भिजत, जीव मुठीत धरून जाऊ नये, ही त्यामागची तळमळ मला मोलाची वाटते. आता कायदाही बदलला आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीनुसार मोटारीत बसलेल्या चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने सुरक्षित बांधलेले नसेल, तर चालकाला दंड होतो. २०२३ सालच्या ऑक्टोबरपासून आपल्या देशात नव्या मोटारी अडथळ्यावर आदळवून त्यांची परीक्षा घेतली जाते. आत लहान मुलांएवढे पुतळेही बसवलेले असतात, आणि मोठ्यांच्या व मुलांच्या सुरक्षिततेला निरनिराळे तारे दिले जातात. परीक्षकाचे आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला या परीक्षेचे फार कौतुक वाटते.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने विचारले, "बाबा, दोन मुलांसाठी गाडी घ्यायची आहे. कोणती घेऊ?" मी तिला कोणत्याच गाडीचे नाव सांगितले नाही. एवढेच म्हटले, "घरातली सगळी माणसे मोज. जितकी माणसे, तितके पट्टे आहेत का ते पाहा. मग आपली थैली पाहा. रंग सर्वांत शेवटी ठरव." ती हसली. हनुवटीवरची ती बारीक रेघ हसताना अजूनही दिसते.

माझा पुतण्या आता आपल्या वडिलांसारखाच सैन्यात आहे. मागच्या दिवाळीला तो रजेवर आला, तेव्हा घरातल्या सगळ्या मुलांना स्वतःच्या गाडीतून पाचगणीला घेऊन निघाला. मी अंगणात उभा होतो. त्याने गाडी सुरू केली. पण ती लगेच हलवली नाही. मागे वळून त्याने एकेका मुलाकडे पाहिले आणि विचारले, "सगळे बसले का? पट्टे लावले का?"

मागून 'हो' आला, आणि मगच गाडी हलली.