दिवस मावळण्यापूर्वीचे ताट

मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की हल्ली घरोघरी एकच प्रश्न निघतो : "यंदा कुठे जायचे?" डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याही घरी तो निघाला. चिरंजीव पुण्यास एका परदेशी कंपनीच्या हिशेब विभागात, कन्या हैदराबादेस आणि आम्ही उभयता नांदेडला. वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र यावे म्हणून मुलांनी गोव्याचा बेत मांडला. हॉटेल समुद्रकाठी, पोहण्याचा तलाव आणि एकतीस तारखेला रात्रीचे खास भोजन, असा सारा तपशील फोनवर येऊन दाखल झाला.

सौभाग्यवतीने तो शांतपणे वाचला आणि विचारले, "जेवण रात्री साडेआठला. मी तेव्हा काय करू? खोलीत बसून तुमची वाट पाहू?" तिचा गेल्या अनेक वर्षांचा चौविहार आहे, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. तिच्या प्रश्नात तक्रार नव्हती, पण कोणाजवळ उत्तरही नव्हते. अखेर सूनबाईंनीच सांगितले, "आई, आम्हीच नांदेडला येतो." गोव्याचा बेत तेथेच आटोपला.

त्या वर्षी तिथी आणि तारखांचा योगही मोठा सुरेख होता. मार्गशीर्ष वद्य दशमी, म्हणजे भगवान पार्श्वनाथांचे जन्मकल्याणक, २५ डिसेंबरला आले होते. आपल्या दिगंबर बांधवांकडे ते दुसऱ्या दिवशी, एकादशीस. त्याच पक्षाच्या शेवटी, ३० डिसेंबरला, लातूर भागातील वेळा अमावस्या. शाळांची सुट्टी, मंदिरातील पूजा आणि शिवारातला सण हे तिन्ही एका आठवड्यात सामावले.

आपल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने हिवाळा हा मोकळीक देणारा ऋतू आहे, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते. आमच्या घरी फाल्गुनी चौमासीपासून पालेभाजी, तीळ आणि खजूर बंद होतात, ते कार्तिकी चौमासीपर्यंत, म्हणजे आठ महिने. मधले चार महिने या साऱ्याचा हंगाम. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते ताटात आले की साधी मेथीची भाजीसुद्धा पक्वान्नासारखी लागते. नातवंडे आली त्या दिवसापासून घरात तीळ भाजल्याचा वास दरवळू लागला. डिंकाचे लाडू, खजुराच्या वड्या, तिळाच्या पोळ्या, बाजरीची भाकरी आणि तिच्यावर घरचे तूप (लोणी आपल्याला वर्ज्य), तुरीच्या ताज्या सोल्यांची आमटी, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, अर्धापूरची केळी. नातीने गाजर हलवा मागितला, तेव्हा तिच्या आजीने दुधी भोपळ्याचा हलवा असा काही केला की तिने पुन्हा गाजराचे नाव काढले नाही. एका सकाळी स्नेह्यांच्या शेतावर हुरड्यास गेलो. कणसे आगटीत घालण्याआधी एकेक निरखून घेण्याचे काम मुलांवर सोपवले होते. आठ वर्षांच्या नातवाने एक बारीक अळी शोधून तिला ज्वारीच्या पानावर अलगद सोडले आणि दिवसभर ती गोष्ट भेटेल त्याला सांगितली. हुरड्याबरोबर गूळ आणि शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी होती.

पहिल्या दिवशी मुलांना एक गोष्ट मात्र जड गेली. डिसेंबरअखेरीस नांदेडला पाच-पन्नासच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे पाचलाच ताटे मांडली जात. "दादाजी, आता तर आम्ही खेळायला सुरुवात केली!" अशी नातवाची तक्रार असे. दोन दिवसांत त्यालाच उमगले की सहा वाजता जेवण, भांडी, ओटा सर्व आटोपलेले असते आणि झोपेपर्यंतचे चार तास अगदी मोकळे सापडतात. एरवी त्या वेळेत घरातील बायका स्वयंपाकघरात, पुरुष दुकानात किंवा फोनवर आणि मुले टीव्हीसमोर असतात. येथे सर्व जण एका खोलीत, पांघरुणे गुडघ्यावर ओढून बसलेले. कॅरम झाला, अंताक्षरी झाली, सापशिडी झाली. आपल्या पूर्वजांकडे सापशिडीसारखाच ज्ञानबाजीचा पट असे आणि त्यात कर्मानुसार चढउतार होऊन शेवटी मोक्षाचे घर येई, असे सांगितल्यावर नातीने वहीच्या कागदावर तसा पट आखला. 'खोटे बोलणे' या घरात सर्वांत लांब साप तिनेच काढला आणि त्यात सर्वांत जास्त वेळा मीच सापडलो.

३० तारखेला आम्ही लातूरला निघालो. तेथे आमचे वडिलोपार्जित घर आहे. मोठे बंधू आणि भाभी तेथेच राहतात. लातूरबाहेरच्या वाचकांसाठी वेळा अमावस्येविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्वारी, हरभरा, तूर शिवारात उभी असते, तेव्हा मार्गशीर्षातील अमावास्येला शेतकरी सहकुटुंब शेतात जातो. कडब्याची खोप उभारून काळ्या आईची पूजा होते आणि मग पंगत बसते. बोलीभाषेत हिला 'येळवस' म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात हीच 'एळ्ळ अमावस्या'. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते आणि शहरातले रस्ते ओस पडतात. अनेक डाळी, शेंगा आणि भाज्या एकत्र शिजवलेली आंबट भज्जी, ज्वारीच्या पिठाचे ताकातले अंबील, बाजरीचे उंडे आणि खीर हे या दिवसाचे जेवण. ज्याचे शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो. वाटेने जाणाऱ्यालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

आमचे स्वतःचे शेत कधीच नव्हते. वडिलांचे गंजगोलाईत छोटे किराणा दुकान होते. १९१७ साली बांधलेल्या त्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्याने कोणी ना कोणी गिऱ्हाईक शेतकरी अमावास्येचे आमंत्रण घेऊन येई. ज्यांच्याकडे आम्ही जात असू ते कुटुंब शेठजींसाठी कांदा, लसूण, वांगे, गाजर न घालता भज्जीचे वेगळे पातेले ठेवी, तेही आम्ही न सांगता. आपल्या व्यापाराचा पाया अशा वेगळ्या ठेवलेल्या पातेल्यांवर उभा आहे, असे मला आजही वाटते.

घरीही आई थोडी भज्जी आणि अंबील करीत असे. आठम-चौदसला आमच्याकडे हिरवी भाजी नसे. अमावास्येला मात्र चालत असे. अंबिलासाठी ती ताक आधी चांगले तापवून घेई, कारण भज्जीत कडधान्ये आणि कडधान्याबरोबर कच्चे ताक चालत नाही. लोक अंबील आदल्या दिवशी मडक्यात आंबवतात; आई ते त्याच दिवशी सकाळी करी. रात्र उलटलेले अन्न आमच्या घरी वासी मानले जाई.

आता जी हकीकत सांगतो, ती मी अडतीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

१९८६ सालीही वेळा अमावस्या डिसेंबरच्या अगदी अखेरीस आली होती. चांद्र तिथी आणि इंग्रजी तारखा साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात. त्या हिशेबाने २०२४ हे दुसरे आवर्तन. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. त्या काळी बँकांचे हिशेबी वर्ष ३१ डिसेंबरला संपत असे; ३१ मार्चची पद्धत १९८९ पासून आली. त्यामुळे डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे हाताने लिहिलेल्या लेजरांच्या बेरजा आणि ताळे. तरीही अमावास्येला दुपारी चारपर्यंत घरी येतो, असे मी आईला कळवले होते. घरातील सर्व मंडळी शेतात गेली. माझ्यासाठी आई एकटी मागे राहिली.

त्या दिवशी बचत खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळेना. फरक अवघा सत्तावीस रुपयांचा. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते, हे हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मी दुसऱ्या दिवसावर ते काम टाकू शकलो असतो. साहेबांनी तसे सुचवलेही होते. पण फरक शोधल्याशिवाय उठायचे नाही, हा माझा हट्ट आणि थोडा अभिमानही. अखेर १,२८५ च्या जागी १,२५८ लिहिलेले सापडले. तोपर्यंत साडेपाच झाले होते. एसटी पकडून घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते.

आईने मला पाट मांडून वाढले. भूक सपाटून लागली होती, मी पोटभर जेवलो, फरक कसा शोधला तेही रंगवून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि "हुशार आहेस," म्हणाली. मी हात धुवायला मोरीवर गेलो तेव्हा वडील मागून आले आणि हळूच म्हणाले, "ती सकाळच्या दुधावर आहे. तू आलास की एकत्र बसू म्हणाली. मग दिवस मावळला."

मी परत आलो तेव्हा ती उरलेली भज्जी आणि अंबील शेजारच्या घरी देण्यासाठी भांड्यात काढीत होती. तिच्यासाठी ते उद्या वासी होणार होते. दुसऱ्या दिवशी नवकारशी झाल्यावर, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, तिने खाकरा आणि दूध घेतले. त्या वर्षी तिने वेळा अमावस्येचा घासही चाखला नाही. माझ्याकडे एक शब्दाची तक्रार तिने कधी केली नाही. २००९ साली ती गेली. तोवर दरवर्षी संवत्सरीला तिच्या पाया पडून मी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत आलो, पण त्या संध्याकाळचे नाव एकदाही काढले नाही.

तर, ३० डिसेंबर २०२४. शेतातून आम्ही चारच्या सुमारास घरी परतलो. भाभींनी सकाळीच आईच्या पद्धतीने थोडी भज्जी आणि अंबील करून ठेवले होते. त्याच अंगणात, त्याच मोरीशेजारच्या पडवीत ताटे मांडली गेली. चिरंजीव मात्र माडीवर लॅपटॉप उघडून बसले होते, कारण त्यांच्या कंपनीचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते. लातूरला त्या दिवसांत पाच-पंचावन्नच्या आसपास सूर्य मावळतो. सव्वापाचला नातू वर जाऊन आला : "पाच मिनिटे म्हणाले." साडेपाचला पुन्हा तेच. सौभाग्यवती ताटावर बसली होती, पण हात लावत नव्हती. "तू सुरू कर," मी म्हणालो. ती म्हणाली, "येईल ना तो." ते शब्द ऐकून मला पुढे बसवेना.

मी जिना चढून वर गेलो. मुलगा पडद्यावरील आकड्यांकडे टक लावून बसला होता. मी विचारले, "किती फरक आहे?" तो दचकला. आकडा मोठा होता; त्याला नऊने भाग जात नव्हता. मी म्हणालो, "हा फरक रात्री आठलाही इथेच असेल. खाली तुझी आई ताटावर बसली आहे आणि सूर्याला वीस मिनिटे उरली आहेत." त्याने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता लॅपटॉप मिटला.

आम्ही सर्व एकत्र जेवलो. मोजून पंधरा मिनिटे मिळाली, पण अंबील सर्वांच्या वाट्याला आले. शेवटचे पाणी पिऊन झाले तेव्हा अंगणातील ऊन भिंतीवरून उतरले होते. चिरंजीव जेवून पुन्हा वर गेले आणि अकरापर्यंत काम करीत राहिले. त्यांचा फरक दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. मधल्या वेळात ते अर्धा तास खाली आले होते, तेव्हा पांघरुणे घेऊन बसलेल्या त्या मंडळींना मी १९८६ ची हकीकत सांगितली. बंधूंना ती ठाऊक होती, असे त्या दिवशी मला कळले. त्यांनीही कधी विषय काढला नव्हता.

नातवाने विचारले, "दादाजी, मग पणजीला भूक लागली नव्हती का?"

मी त्याला म्हणालो, "लागली असणार." याहून अधिक काही मला सुचले नाही.

वाचकहो, या लेखात मी कोणाला नियम सांगायला बसलेलो नाही. चौविहार ज्याचा त्याच्या शक्तीप्रमाणे. पण दुकान, कचेरी, कारखाना यांतून आपल्या घरातील पुरुषमंडळी हिवाळ्याच्या सुट्टीत चार दिवस तरी घरी असतात. त्या दिवसांत सूर्य लवकर मावळतो आणि घरात कोणीतरी, बहुधा आई किंवा पत्नी, ताट झाकून आपली वाट पाहत असते. निदान तेवढे चार दिवस पाचच्या ठोक्याला हिशेब मिटून खाली यावे. यंदा पुन्हा सर्वांनी नांदेडला यायचे ठरले आहे. तीळ निवडून ठेवले आहेत. यंदा पोळ्या लाटायला मीही बसणार आहे, असे सौभाग्यवतीला सांगितले. ती हसली. तिचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही.