आधी हवा सुकवा, मग छत गार करा

एसी म्हणजे थंड हवेचा झोत, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. खरे तर पंख्याशिवाय नुसते बसून राहिलो, तर अंगातली जवळजवळ निम्मी उष्णता आजूबाजूच्या भिंती, जमीन आणि छत यांच्याकडे प्रारणाने जाते. छत गार असेल तर खोलीत २६-२७ अंश असले तरी बरे वाटते. मालवणात मे महिन्यात स्लॅबखाली पंखा गरगरत असूनही जीव नकोसा होतो, कारण तापलेला स्लॅब वरून भाजत असतो. कौलारू घरात निदान मधे माळा असतो आणि कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते.

माझा धंदा छतात थंड पाण्याच्या नळ्या घालण्याचा. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले: एकात चांगल्या प्रतीचा नेहमीचा एसी, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्या. नळ्यांच्या बाजूला थंडाव्यासाठी सुमारे ३४ टक्के कमी वीज लागली. यात जादू नाही. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते, म्हणून मोठ्या पंख्यांऐवजी लहान पंप पुरतो. शिवाय पाणी ७ अंशांपर्यंत उतरवावे लागत नाही, १५-१६ वर भागते, आणि कॉम्प्रेसरचे कष्ट वाचतात.

हे ऐकून देवबागच्या एका रिसॉर्टवाल्या काकांनी विचारले, "मगे माझ्या खोल्यांनी घाल मरे नळये! बिल कमी येतला मां?"

मी स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घेतले, थर्मामीटर ठेवला आणि बर्फाचे खडे हळूहळू टाकत गेलो. पारा २५ च्या आसपास आला तोच पेल्याला बाहेरून घाम फुटला. तोच दवबिंदू. त्याहून गार छत केले की पाहुण्याच्या गादीवर थेंब पडणार. म्हणजे आधी हवा सुकवायला हवी, आणि बाष्पाचे एक लीटर पाणी करायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. किनाऱ्यावर एसीच्या बिलाचा मोठा वाटा या सुकवण्यातच जातो, त्यामुळे हैदराबादचा आकडा इथे जसाच्या तसा मागू नये. त्यात पाहुणा समुद्र बघायला दार उघडे टाकणार! काकांना मी स्लॅबवर पांढरा लेप, वर सावली आणि छताचे चांगले पंखे एवढेच सुचवले. माझे कंत्राट गेले, ते सोडा.

दमट हवेत हे जमतच नाही असे मात्र नाही. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर २००६ पासून जमिनीतून थंड पाणी खेळते. सुकी हवा वेगळी, खालून संथ सोडतात आणि ती माणसांच्या उंचीपुरतीच गार राहते. सिंगापूरमध्ये संशोधकांनी थंड नळ्यांपुढे पातळ पडदा ताणून चक्क उघड्या मांडवात प्रयोग केला. प्रारण पडद्यातून आरपार जाते, दमट हवेला मात्र थंड नळी लागत नाही. किनाऱ्यासाठी मला यातच खरा जीव वाटतो, पण अजून ती बाजारात सहज मिळणारी वस्तू नाही.

तूर्त आपल्याकडे ही पद्धत शोभेल ती बंद खिडक्यांच्या, दिवसभर वापरातल्या मोठ्या इमारतींना: ओरोसची कार्यालये, रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग, उद्या वाढवलीच तर चिपी विमानतळाची इमारत. फक्त नळ्या काँक्रीट ओतण्याआधी टाकाव्या लागतात, आणि आम्हाला बोलावणे येते ते फॉल्स सीलिंगचा रंग ठरल्यावर.