अर्थ नाही

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी 'ब्लॉग मिटवलास का?' असं विचारलं. मिटवला नाही, हात काळे होते. खरंच काळे. ग्रीस नखांत गेलं की पंधरा दिवस निघत नाही.

तर गोष्ट अण्णांच्या आरएक्स १०० ची. कऱ्हाडच्या आमच्या घरी जे कोणी येऊन गेलेत त्यांना ती माहीत आहे. ताडपत्रीखाली, गुलमोहराला टेकून उभी असलेली. एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८५ ते १९९६ अशी काढली. अण्णांनी १९९१ साली घेतली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि आवाज असा की आई गल्लीच्या तोंडाशी आलेली गाडी ऐकून चहाचं आधण ठेवायची. अण्णा वीज मंडळात वायरमन. पावसापाण्यात, रात्री-अपरात्री लाइन गेली की हीच गाडी.

२०११ मध्ये मी ती कुंभार्ली घाटात मारली. 'मारली' हाच शब्द बरोबर आहे. या गाडीत टू-टी ऑइलची वेगळी टाकी असते, पंप ते आपोआप पेट्रोलच्या वाफेत मिसळतो. टाकीत तेल आहे की नाही एवढंच माणसाने बघायचं असतं. मी बघितलं नाही. चढावर पिस्टन धरला, कनेक्टिंग रॉड तुटला आणि क्रँककेस फोडून बाहेर डोकावला. टेम्पोत घालून गाडी घरी आणली. अण्णांनी फुटलेल्या भागावरून एकदा बोट फिरवलं आणि आत गेले. एक शब्द बोलले नाहीत, ना त्या दिवशी ना नंतर. (बोलले असते तर बरं झालं असतं, हे माझ्या बहिणीला पटत नाही. तिने त्यांचं बोलणं खाल्लेलं आहे.)

२०२२ च्या दिवाळीत अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे कळतं सगळं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. मेंदूच्या डाव्या भागाला मार बसला की उजवं अंग आणि वाचा अशी दोन्ही बरोबर जातात, हे तेव्हा शिकलो. वर्षभराच्या स्पीच थेरपीनंतर 'चहा', 'नाही', 'ये', 'बास' असे मोजके शब्द परत आले. आणि एक अस्सल शिवी, जी कधी गेलीच नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात मी ठरवलं की गाडी उभी करायची. मिरजेच्या मामाकडे त्याच्या आरएक्सची फ्रेम सडून गेली होती, इंजिन मात्र धडधाकट. माझ्यासमोर त्याने किक मारून चालू करून दाखवलं, मगच खोललं. इंजिन बदललं की आरटीओकडे परवानगी, आरसीवर नवा इंजिन नंबर वगैरे सोपस्कार असतात. त्याची रडकथा वेगळी, ती नंतर कधीतरी.

अण्णांची फ्रेम मी पावडर कोटिंगला दिली. काळीभोर, आरशासारखी होऊन आली. त्यात मामाचं इंजिन बसवलं. व्हरांड्यात खुर्ची टाकून अण्णा बघत होते. किक मारली. काही नाही. पन्नास किका मारल्या. काही नाही.

प्लग काढला, कॅपला लावला, त्याची बॉडी हेडला टेकवली आणि किक मारली. ठिणगीच नाही. नवा प्लग, तेच. कॅप पिरगाळून काढली आणि नुसती वायर हेडजवळ धरली. अंधार. (हे करताना अंतर फार ठेवू नका, ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतच वाट शोधते.)

ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. या गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. मॅग्नेट फिरला की आतली सोर्स कॉइल वीज तयार करते, ती सीडीआयच्या डबीतला कपॅसिटर भरते. मॅग्नेट ठरावीक जागी आला की पल्सर कॉइल इशारा देते, कपॅसिटर एका झटक्यात एचटी कॉइलमध्ये रिकामा होतो, आणि तिथून हजारो व्होल्ट प्लगला जातात. गाडी बंद करायची तर चावी एवढंच करते की सोर्स कॉइलची वीज परस्पर बॉडीला सोडून देते. त्यामुळे पहिला संशय त्या काळ्या-पांढऱ्या वायरवर. ती कुठे दबली असेल तर गाडी कायमचीच 'बंद'. सोडवून पाहिली. ठिणगी नाही. मीटर लावला. सोर्स कॉइल ठीक, पल्सर ठीक, किक मारली की व्होल्टेज येत होतं. मित्राच्या चालत्या गाडीची सीडीआय आणली. नाही. त्याचीच एचटी कॉइल आणली, वायरला नुसती लोंबकळत लावली. नाही. हॉर्न मात्र मस्त वाजत होता. एका मेकॅनिकने लांबूनच सांगितलं, मॅग्नेट उतरलाय. मामाला फोन केला तर म्हणाला, "अरे, मी मासा जिवंत दिला, तुझ्या हौदात मेला तर मी काय करू?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घामाने निथळत किका मारत होतो. व्हरांड्यातून आवाज आला.

"अर्थ..."

मी वर बघितलं. अण्णांचा चेहरा लाल झालेला, ओठ जुळवताना होतो तसा.

"अर्थ... नाही."

झटक्यानंतर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. तेरा वर्षांत त्या गाडीबद्दल बोललेलं पहिलं वाक्य, आणि ते हे. मी पाना फरशीवर टाकला. "बरोबर आहे, काही अर्थ नाही. उद्या भंगारवाल्याला देऊन टाकतो," असं म्हणालो. ते जोरजोरात "नाही, नाही" करायला लागले, मी ऐकायला थांबलो नाही. आई जेवताना एवढंच म्हणाली, "त्यांच्याशी असं बोलू नये." मला ते माहीत होतंच, म्हणून जास्त राग आला.

सकाळी अण्णा व्हरांड्यातच होते. माझी वाट बघत असावेत. डाव्या हातातली काठी त्यांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे रोखली, पपईच्या झाडाकडे. "पाणी घालायचं?" मी विचारलं. त्यांनी शिवी दिली. मी मुकाट्याने कळशी घेऊन गेलो. पपईच्या बुंध्याशी घराच्या अर्थिंगचा खड्डा आहे, त्यातून वर आलेला लोखंडी पाइप आणि त्याला घट्ट आवळलेली तार. कोळसा-मीठ घालून तो खड्डा त्यांनी स्वतः भरलाय, आणि दर उन्हाळ्यात त्यात पाणी सोडायचं काम लहानपणी माझं असायचं. "माती वाळली की अर्थ जातो," हे मी किती वेळा ऐकलं असेल.

कळशी तिथेच ठेवली आणि पळत गाडीकडे आलो.

मीटरचं एक टोक एचटी कॉइलच्या लोखंडाला, दुसरं हेडला. मीटर गप्प. ही कॉइल ज्या बोल्टने फ्रेमला बसते तीच तिची परतीची वाट. आणि मी काय केलं होतं? तिची पट्टी रंगवून आणली होती, आणि त्या सुंदर रंगाला ओरखडा नको म्हणून दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घातले होते! मित्राची कॉइल तर हवेतच लोंबत होती, तिला कुठला अर्थ? हॉर्नच्या सर्किटची काळी वायर हार्नेसमधूनच बॅटरीकडे परत जाते, त्याला फ्रेमशी देणंघेणं नाही. त्याच्या आवाजावर मी फसलो.

वॉशर फेकून दिले. पॉलिश पेपरने पट्टीवरचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडला. पावडर कोटिंगवाल्याला दाखवायची सोय नाही. बोल्ट आवळला, प्लग हेडला टेकवला, किक. टच्च. निळी, जाड ठिणगी.

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच.

अण्णांना धरून खाली आणलं. उजवा हात कामाचा नाही, पण क्लच डावीकडे असतो. त्यांनी तो दाबला, सोडला, पुन्हा दाबला. निळसर धूर अंगणभर झाला होता. मी म्हणालो, "अण्णा, मला वाटलं तुम्ही म्हणताय..." त्यांनी हात हलवून मला गप्प केलं आणि गाडीच्या बाजूकडे बोट दाखवलं.

"तेल," म्हणाले.

मी झाकण उघडून दाखवलं. काठोकाठ होतं.