हसू कोणाचे?

धर्माची थट्टा करणारे चित्रपट भाविकाने पाहावेत की नाही, याविषयी आम्ही बरीच वर्षे साशंक होतो. अखेर गेल्या आठवड्यात बोल्टिंग बंधूंचा १९६३ सालचा ‘हेवन्स अबव्ह!’ हा इंग्रजी विनोदी चित्रपट आम्ही सहकुटुंब पाहिला. तुरुंगातील बंद्यांची सेवा करणारा एक भोळा अँग्लिकन धर्मगुरू, केवळ नामसाधर्म्यामुळे झालेल्या कचेरीतील चुकीने, एका सुखवस्तू गावी नेमला जातो. पीटर सेलर्सने ही भूमिका मोठ्या सौम्यतेने वठविली आहे. हा मनुष्य शुभवर्तमान शब्दशः आचरू लागतो. बेघर कुटुंबाला तो आपल्या निवासात आणतो. गावच्या धनाढ्य बाईंकडून फुकट अन्न वाटवितो. दुकानदारांचा धंदा बसतो आणि गाव खवळून उठते. शेवटी त्याला ‘अंतराळाचा बिशप’ करून वरिष्ठ मोकळे होतात!

आम्ही पोट धरून हसलो. मग ध्यानी आले की, चित्रपटकर्ते हसत होते ते प्रभूच्या शब्दाला भिणाऱ्या भाविकांना, म्हणजे आम्हांलाच. गेल्या पावसाळ्यात एका विधवेने आमच्या पडवीत चार दिवस आसरा मागितला होता. ‘पडवीत जळण भरले आहे,’ असे आम्ही सांगितले. जळण थोडेच होते; हलविता आले असते.

वाचकहो, हा चित्रपट धर्मद्रोही आहे काय, असे आता कोणी विचारले की आम्हांला आमची पडवी आठवते. येत्या पावसाळ्यापूर्वी ती रिकामी करण्याचे आम्ही ठरविले आहे.