पेनाचा मृत्युलेख

चौथीपर्यंत पेन्सिल, पाचवीपासून शाईचं पेन, हा आमच्या शाळेचा शिरस्ता. जून महिन्यात नव्या वह्यांच्या वासात शाईचा वास मिसळायचा. पेन भरायला ड्रॉपर, सांडलेली शाई टिपायला खडू आणि निबेत अडकलेलं कागदाचं कुसळ काढायला अर्धं ब्लेड, असा सगळा संसार कंपासपेटीत मांडलेला. बॉलपेनला मात्र सक्त मनाई. त्यानं अक्षर बिघडतं, असं बाईंचं ठाम मत होतं.

ॲन फ्रँकची डायरी मराठीत पहिल्यांदा वाचली ती त्याच काळात. त्या वयात लक्षात राहिलं ते पुस्तकांच्या कपाटामागचं गुप्त दार, रात्री खालच्या मजल्यावर शिरणारे चोर आणि दिवसा नळ सोडायचीही चोरी. पेनाबद्दलचं एक पान तिथंच होतं, पण मी ते भरभर उलटून पुढं गेले असणार.

नोकरी लागली आणि शाईचं पेन सुटलं. कार्बन पेपर घालून प्रती काढायच्या, तिथं निब काय कामाची? पुढं बाबा गेले आणि त्यांचं जुनं पेन माझ्याकडं आलं. त्यांच्या हाताच्या कलानं निब एका अंगाला झिजलेली. त्यांच्या हातात ती सुरेख चालायची, माझ्या हातात कागद खरवडायची. पेन कितीही वेळा धुतलं, तरी त्यानं मला काही आपलं म्हटलं नाही. त्या दिवसांत डायरी पुन्हा हाती घेतली, तेव्हा ते पान सापडलं.

तारीख 11 नोव्हेंबर 1943. ॲमस्टरडॅममध्ये प्रिन्सेनग्राख्त 263 या पत्त्यावर, ॲनच्या वडिलांच्या कचेरीमागच्या भागात आठ ज्यू माणसं लपून राहिली होती; ॲनच्या कुटुंबाला तिथं येऊन सोळा महिने झाले होते. चौदा वर्षांची ॲन त्या दिवशी आपल्या फाउंटन पेनाचा मृत्युलेख लिहिते. ती नऊ वर्षांची असताना आखेनच्या आजीनं ते पाठवलं होतं, कापसात गुंडाळून. ॲन तापानं अंथरुणाला खिळलेली. लाल चामड्याच्या पाकिटातलं ते पेन तिनं मैत्रिणींना मिरवून दाखवलं. दहाव्या वर्षी ते शाळेत न्यायची परवानगी मिळाली. अकराव्या वर्षी पुन्हा घरी ठेवावं लागलं, कारण वर्गात शाळेचा टाक आणि दौतच चालायची. आमच्या बाईंना बॉलपेन खपायचं नाही, तिच्या बाईंना फाउंटन पेन! बाराव्या वर्षी ती ज्यू लिसेयममध्ये गेली आणि त्याप्रीत्यर्थ पेनाला चेन लावलेलं नवं पाकीट मिळालं.

इथं मी थांबले. 1941 मध्ये नाझींनी ज्यू मुलांना इतर शाळांतून काढून वेगळ्या शाळांत घातलं, म्हणून ती लिसेयममध्ये गेली होती. पुढं सायकली गेल्या, ट्राम बंद झाली, छातीवर पिवळा तारा आला. लेखात यातलं काहीच नाही. आहे ते फक्त पेनाचं नवं पाकीट. तेराव्या वर्षी पेन तिच्याबरोबर लपायच्या जागी येतं, हेही एका ओळीत. छळाचा सगळा इतिहास पेनाच्या चरित्रामागं उभा आहे आणि लेखिका त्याच्याकडं बोटसुद्धा दाखवत नाही.

शेवटही तसाच घरगुती. थोरली बहीण मार्गोट आणि वडील लॅटिनला बसलेले, म्हणून ॲन टेबलाच्या कोपऱ्यावर सरकून घेवड्याचे बुरसटलेले दाणे चोळून साफ करते. मग केर काढते आणि कुजक्या दाण्यांसकट कागदात गुंडाळून शेगडीत टाकते. मोठा भडका उडतो. पेन कुठंच सापडत नाही. दुसऱ्या दिवशी राखेत हाती लागते ती फक्त क्लिप. पेनाचं दहन झालं, पुढं माझंही तसंच व्हावं, असं ती गमतीनं स्वतःचं समाधान करून घेते. 1945 च्या सुरुवातीला बर्गन-बेल्झनच्या छावणीत ती गेली आणि तिथल्या सामुदायिक खड्ड्यांत पुरली गेली. पेनाला अग्नी मिळाला आणि मृत्युलेखही. मालकिणीच्या वाट्याला दोन्ही नाही.

पण पेन जळालं म्हणून लिहिणं थांबलं नाही. 1944 च्या मे महिन्यात तिनं सगळी डायरी सुट्या कागदांवर नव्यानं लिहायला घेतली. 4 ऑगस्टला पोलीस आले तोवर दोनशेहून अधिक कागद भरले होते.

युद्धानंतर काहींनी ही डायरीच बनावट ठरवायचा घाट घातला. त्यांच्या हाती सापडलं काय, तर बॉलपेन! युरोपात ते सर्रास मिळू लागलं युद्धानंतर, आणि डायरीच्या कागदांत बॉलपेनची अक्षरं आहेत, असा त्यांचा दावा. नेदरलँड्सच्या सरकारी प्रयोगशाळेनं कागद, शाई, अक्षर सगळं तपासलं. 1986 मध्ये निष्कर्ष छापून आला: डायरी ॲनचीच, बॉलपेनच्या त्या चिठ्ठ्या दोनच, दुसऱ्या हातानं लिहिलेल्या आणि नंतर कागदांत राहिलेल्या.

शाईची तपासणी गरजेची होती, हे खरं. पण मला विचाराल तर, बनावट डायरी लिहिणाऱ्यानं छळाची वर्णनं रंगवली असती, रडवलं असतं, मुलीच्या तोंडी मोठमोठे विचार घातले असते. जगायची भ्रांत असताना एका पेनासाठी पाकिटापासून क्लिपेपर्यंत नेमका, हसरा मृत्युलेख लिहायचं त्याला सुचलं नसतं. ते सुचायला चौदा वर्षांची, हाडाची लेखिकाच लागते.